शासकीय सारण्यांची पाठचिकित्सा : नाशिकच्या कांदा-बाजारभावांच्या आधारे

शासनाने गोळा केलेली माहिती लोकांच्या पैशातून गोळा झालेली असते. म्हणून ती लोकांस खुली असावी, हे तत्त्व भारत सरकारने २०१२ सालच्या धोरणात स्वीकारले आणि त्याच वर्षी खुल्या शासकीय विदेचे मध्यवर्ती संकेतस्थळ सुरू केले. तेव्हापासून बाजारभाव, जनगणना, पर्जन्यमान, शाळा अशा नाना विषयांच्या सारण्या अभ्यासकाच्या हाती येत आहेत. त्या वाचण्याचे प्रमुख साधन म्हणजे एसक्यूएल ही प्रश्नभाषा होय. ज्या कामाला पूर्वी एका कचेरीतील कारकुनांचे महिने खर्ची पडले असते ते चार ओळींच्या प्रश्नाने काही क्षणांत होते. या सोयीबरोबर एक समजही दृढ होऊ लागला आहे. सारणी शासकीय आहे, ती खुली आहे आणि तिला विचारलेला प्रश्न व्याकरणशुद्ध आहे, एवढ्याने मिळालेले उत्तर विश्वसनीय ठरते, असा तो समज आहे. तो कितपत टिकतो हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या तपासणीसाठी नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचित सापडेल. कांद्याच्या व्यापारामुळे या जिल्ह्यातील बाजारांचे दैनिक भाव शासकीय सारण्यांत वर्षानुवर्षे नोंदले गेले आहेत, आणि त्या भावांच्या आधारे निर्यातीसंबंधीच्या धोरणाविषयी गंभीर विधाने केली जातात. दुसरीकडे, मराठी, अहिराणी, कोकणा, भिल्ली, वारली, उर्दू अशा अनेक भाषा व बोली येथे एकत्र नांदत असल्याने जनगणनेच्या भाषाविषयक सारण्यांची परीक्षाही येथे चांगली होते. या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सारणी हा एक ग्रंथ आहे. त्याला कर्ते आहेत, लेखनिक आहेत, प्रती आहेत आणि पाठभेदही आहेत. ग्रंथाला जी चिकित्सा आपण आवश्यक मानतो ती सारणीला अनावश्यक मानण्याचे कोणतेही कारण नाही. सारणी दुरूनच वाचावी की तिची प्रत आपल्या संगणकावर आणून वाचावी, हा वरवर केवळ सोयीचा वाटणारा प्रश्नदेखील मुळात कोणती प्रत प्रमाण मानावी याचाच प्रश्न आहे.

१. प्रश्नभाषेचे व्याकरण

माहितीची मांडणी परस्परसंबंधित सारण्यांच्या रूपाने करावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएम या कंपनीत असताना मांडला. त्यांच्याच विचारावर डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली एका प्रश्नभाषेची रचना केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्धीस आली आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. या भाषेचे वैशिष्ट्य असे की, तीत काय हवे ते सांगावयाचे असते, ते कसे शोधावे हे सांगावयाचे नसते. शोधण्याची रीत यंत्र ठरविते.

या भाषेची वाक्यरचना इंग्रजी आज्ञार्थी वाक्याप्रमाणे आहे. प्रथम 'सिलेक्ट' हे क्रियापद, मग हवे असलेले रकाने, मग 'फ्रॉम' या शब्दाने सारणीचा निर्देश आणि त्यानंतर 'व्हेअर' या शब्दाने अट. परंतु अर्थनिष्पत्तीचा क्रम याहून वेगळा आहे. यंत्राच्या दृष्टीने आधी सारणी, मग अट, मग गटवारी आणि सर्वांत शेवटी निवड येते. मराठी भाषकाने हाच प्रश्न आपल्या भाषेत मांडला तर तो म्हणेल, 'बाजारभावांच्या सारणीतून, जिल्हा नाशिक असलेल्या नोंदींचे, बाजारवार गट करून, सर्वांत वरचा भाव काढा.' क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठीचा हा क्रम अर्थनिष्पत्तीच्या क्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. डकडीबी या अलीकडील साधनाने तर 'फ्रॉम'ने आरंभ होणारे वाक्यही ग्राह्य मानले आहे. एसक्यूएल शिकताना जो अडखळा विद्यार्थ्यांना जाणवतो त्याचा काही भाग विषयाचा नसून वाक्यक्रमाचा आहे, हे शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवणे इष्ट.

तथापि या व्याकरणाची एक मर्यादा मूलभूत स्वरूपाची आहे. ते शब्दांची समानता ओळखते, अर्थाची ओळखत नाही. दोन चिन्हमालिका अक्षरशः सारख्या असतील तर ती दोन नावे एक. एका अक्षराचा फरक पडला की ती दोन. भाषेच्या अभ्यासकाला चिन्ह आणि चिन्हित यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. प्रश्नभाषेला तो शिकविलेला नाही, आणि शिकविणे शक्यही नाही. तो भेद सांभाळण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रश्न विचारणाऱ्यावर येऊन पडते.

२. नाव आणि स्थळ

आरंभ जिल्ह्याच्या नावापासूनच करता येईल. मराठीत 'नासिक' व 'नाशिक' अशी दोन्ही रूपे प्रचलित राहिली आहेत. इंग्रजी गॅझेटियरांनी पहिले रूप घेतले, २०११ च्या जनगणनेने दुसरे. वाचकाला या द्वैताची अडचण वाटत नाही. दोन सारण्या 'जॉइन' या क्रियेने जोडू पाहणाऱ्या यंत्राला मात्र हे दोन जिल्हे आहेत. जोडणी फसली तरी यंत्र तक्रार करीत नाही. न जुळलेल्या नोंदी निमूटपणे गळून पडतात आणि उरलेल्यांवर उत्तर तयार होते.

तालुक्यांच्या व बाजारांच्या नावांत हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा होतो. येवला हे नाव जनगणनेच्या रोमन लेखनात 'व्ही' हे अक्षर घेऊन येते, तर बाजारभावांच्या सारणीत त्या जागी 'ओ' हे अक्षर असते. देवळा या नावाच्या बाबतीत हेच नेमके उलट घडले आहे. तेथे जनगणनेत 'ओ' आणि बाजारभावांत 'व्ही' आहे. कळवणचा 'व' एका ठिकाणी 'डब्ल्यू'ने, तर दुसऱ्या ठिकाणी 'व्ही'ने लिहिला जातो. यांपैकी पहिल्या दोन नावांत 'ए' या स्वरानंतर येणारा 'व' मराठी उच्चारात अर्धस्वरासारखा सैल असतो आणि रोमन लिपी लिहिणारा कधी त्यातील स्वर ऐकतो, कधी व्यंजन. म्हणूनच 'ओ'च्या जागी सर्वत्र 'व्ही' घालावा, असा यांत्रिक नियम करून भागत नाही. एक नाव दुरुस्त करताना तो दुसरे बिघडवील. पेठ तालुक्याचे जनगणनेतील रोमन रूप तर ब्रिटिश काळापासून चालत आलेले असून, ते वाचून मूळ मराठी नावाची कल्पना येणे कठीण आहे. बागलाण व सटाणा यांची गोष्ट आणखी निराळी आहे. येथे लेखनभेदाचा प्रश्नच नाही. एक तालुक्याचे नाव आहे, दुसरे त्याच्या मुख्य गावाचे. जनगणना पहिले वापरते, बाजार दुसरे. हे ऐक्य कोणत्याही अक्षरतुलनेने सिद्ध होणार नाही. ते भूगोलाच्या ज्ञानानेच होईल.

सारणी देवनागरीत असती तर हे प्रश्न उद्भवले नसते, असेही म्हणता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. पण ग्रामनामांच्या जुन्या नोंदींत 'गांव' हे रूप शिल्लक राहिले आणि नव्या नोंदींत 'गाव' आले. 'गाव' या अंत्यपदाने शोध घेणाऱ्या प्रश्नाला अनुस्वारयुक्त 'पिंपळगांव' सापडत नाही. शिवाय संगणकीय लेखनात डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हे असतात. पडद्यावर एकरूप दिसणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी भिन्न असू शकतात. शुद्धलेखनाचा वाद केवळ शाळामास्तरांचा आहे असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

नावे काळानुसारही बदलतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेत तो नाही. नाशिकच्या शेजारचा अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरण्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याचा क्रमांक ५१६ आहे, आणि त्या क्रमांकाला लेखनभेदाची बाधा नाही. परंतु बाजारभावांच्या सारणीत राज्य, जिल्हा व बाजार ही केवळ नावांनीच येतात. क्रमांकाचा आधार जेथे सर्वांत अधिक हवा, तेथेच तो नाही.

३. 'पोळ'चे रूपांतर

दैनिक बाजारभावांच्या केंद्रीय सारणीचे रकाने मोजके आहेत : राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि किमान, कमाल व 'मोडल' असे तीन दर. ही माहिती पणन व निरीक्षण संचालनालयाच्या 'अॅगमार्कनेट' या २००० साली सुरू झालेल्या योजनेतून येते. दर क्विंटलमागे रुपयांत असतात. यांपैकी 'वाण' हा रकाना भाषिकदृष्ट्या सर्वांत बोलका आहे.

कांद्याच्या वाणांत तेथे एक नाव रोमन लिपीत असे लिहिलेले आढळते की, इंग्रजी जाणणारा त्याचा अर्थ 'खांब' असा करील. वस्तुतः तो आपला 'पोळ' कांदा होय, म्हणजे खरिपाचा कांदा. राज्य कृषि पणन मंडळाच्या मराठी भावपत्रकात 'पोळ' हा शब्द स्वच्छ वाचता येतो. तेथेच 'लाल', 'उन्हाळी', 'हालवा', 'पांढरा', 'लोकल' असे इतर शब्दही भेटतात. शेतकऱ्याच्या वापरात पोळ, रांगडा व उन्हाळ ही हंगामांवर आधारलेली त्रयी आहे. पोळ कांदा टिकत नाही, तो लगेच विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत साठवून महिनोन्महिने थांबता येते. म्हणून या शब्दांत विकणाऱ्याची परिस्थितीच साठविलेली आहे. रोमन लिपीत 'ळ'चा 'ल' होतो आणि वाणांच्या यादीत हा शब्द रंगवाचक 'लाल'च्या, आकारवाचक 'लहान'च्या व स्थलवाचक 'पुणे'च्या शेजारी जाऊन बसतो. ऋतू, रंग, आकार व स्थळ अशी चार भिन्न तत्त्वे एका रकान्यात एकत्र आली की, तो रकाना वर्गीकरणाचा राहात नाही. लाल कांदा आणि पोळ कांदा हे परस्परांहून भिन्न वर्ग आहेत की एकाच मालाची दोन बाजारांतील दोन नावे आहेत, हे सारणी सांगू शकत नाही. तरीही 'ग्रूप बाय'च्या योगाने वाणवार सरासरी काढली तर ती दोन स्वतंत्र ओळींत, मोठ्या आत्मविश्वासाने, छापून येते.

याच रकान्यात 'नासिक' हे नावही वाण म्हणून येते. नाशिक हा शब्द सारणीत कोठेही आढळला तर ती नोंद घ्यावी, असा सैल प्रश्न करणाऱ्याच्या हाती नाशिक जिल्ह्यातील बाजारांबरोबर अन्यत्र विकला गेलेला त्या नावाचा कांदाही लागेल. एक नाव उगमाचे, दुसरे विक्रीस्थळाचे. त्यांची सरमिसळ झाली की, शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि दूरच्या बाजारात पडलेला भाव यांतील अंतरच नाहीसे होते. कांद्याच्या अर्थकारणातील कळीचा प्रश्न मात्र त्या अंतराचाच आहे.

लासलगावचे उदाहरणही असेच आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या या बाजार समितीचे मुख्य आवार आणि निफाड व विंचूर येथील उपआवारे सारणीत वेगवेगळ्या नावांनी येतात. उपआवारांच्या नावात लासलगाव हा शब्द आधी व उपआवाराचे नाव कंसात असते. तंतोतंत समानतेची अट घातली तर केवळ मुख्य आवार मिळते. 'लाइक' या शब्दाने आरंभसाम्याची अट घातली तर तिन्ही मिळतात. 'लासलगावचा भाव' या शब्दप्रयोगाला दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि दोन्ही समर्थनीय आहेत. आक्षेप एवढाच की, निष्कर्ष छापणारे बहुधा कोणता अर्थ घेतला ते सांगत नाहीत.

४. सरासरी आणि मौन

'मोडल' दर म्हणजे ज्या भावाने अधिकांश माल विकला गेला तो भाव. पणन मंडळ त्याला 'सर्वसाधारण दर' म्हणते. बोलताना त्यालाच 'सरासरी' म्हटले जाते. येथून पुढचा प्रमाद सहज घडतो. अभ्यासक या दरांची पुन्हा सरासरी काढतो आणि तिला जिल्ह्याचा भाव म्हणतो. उपरोक्त दैनिक सारणीत आवकेचा आकडा नाही. त्यामुळे प्रत्येक बाजाराला समान वजन मिळते. समजा, एका बाजारात २०,००० क्विंटल कांदा १,५०० रुपये दराने विकला गेला आणि दुसऱ्यात ५०० क्विंटल २,५०० रुपये दराने. साधी सरासरी २,००० रुपये येईल; आवकेनुसार वजन दिले तर ती सुमारे १,५२४ रुपये येईल. पहिला आकडा प्रश्नभाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो क्विंटलमागे पावणेपाचशे रुपयांनी खोटा आहे.

याहूनही सूक्ष्म प्रश्न नसलेल्या नोंदींचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलावांतून अंग काढून घेतले. अशा दिवसांची ओळ सारणीत शून्य दराने येत नाही, रिकाम्या दरानेही येत नाही. ती मुळी येतच नाही. शून्य, रिक्त आणि अनुपस्थित या तीन भिन्न अवस्था आहेत. पाणिनीय परंपरेने लोपाला व्याकरणात स्थान दिले. जे दिसत नाही तेही कार्य करते, हे तिने ओळखले. प्रश्नभाषेतही रिक्ततेसाठी 'नल' ही संज्ञा आहे, पण तिचे तर्कशास्त्र बेसावध माणसाला चकविणारे आहे. 'वाण पोळ नसलेल्या सर्व नोंदी द्या' असे विचारले तर ज्या नोंदींत वाण रिक्त आहे त्याही वगळल्या जातात. कारण रिक्ताविषयी 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी कोणतेच विधान खरे ठरत नाही. आणि जी ओळच नाही तिच्यासाठी तर कोणतीही संज्ञा नाही. तिचा बोध होण्यासाठी दिवसांची स्वतंत्र सारणी करून तिच्याशी भावांची जोडणी करावी लागते.

हा बारकावा निरुपद्रवी नाही. कांद्याच्या निर्यातीवर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क बसले; ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी अमलात आली; ती ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क यांच्या अटीवर उठली; सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. या निर्णयांचा भावांवर काय परिणाम झाला, हा सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न आहे. लिलाव बंद राहिलेले दिवस सरासरीतून आपोआप गळत असतील, तर जे दिवस शेतकऱ्याला सर्वांत वाईट गेले तेच पुराव्यातून नाहीसे होतात. सारणीचे मौन हे पुराव्याचा भाग मानले नाही, तर धोरणाची बाजू घेणाऱ्याचा व विरोध करणाऱ्याचा, दोघांचाही युक्तिवाद पोकळ राहील.

तारखांचे लेखन ही आणखी एक लहान पण घातक बाब आहे. तारीख दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने मजकूर म्हणून लिहिलेली असते. ती तशीच ठेवून क्रम लावला तर १ डिसेंबर हा २ जानेवारीच्या आधी येतो. दर हा मजकूर म्हणून वाचला गेला तर ९०० हा आकडा १,५०० पेक्षा मोठा ठरतो. पहिले काम म्हणून या रकान्यांचे स्वरूप निश्चित करून घ्यावे लागते.

५. भाषांची सारणी

बाजाराच्या सारणीत जे दोष दिसतात ते भाषांच्या सारणीत अधिक खोल जातात. कारण तेथे मोजली जाणारी वस्तूच नावावर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची मूळ नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या व १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली. निश्चित झालेल्यांचे पुढे १२१ भाषांत गट पाडण्यात आले. म्हणजे अभ्यासकाच्या हाती येणारी सारणी ही लोकांची उक्ती नाही. ती अनेक संपादनांतून गेलेली संहिता आहे.

या सारणीत भाषासमूहाची एकूण संख्या आणि त्या समूहातील प्रत्येक मातृभाषेची संख्या एकाच रकान्यात, एकाखाली एक येतात. जाती आणि व्यक्ती एका ओळीत बसविल्यामुळे बेरीज करणारा साधा प्रश्न लोकसंख्या दुप्पट करून देतो. हा दोष निदान चटकन लक्षात येतो. गटवारीतील गृहीते मात्र तशी लक्षात येत नाहीत. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत बोलली जाणारी अहिराणी ही जनगणनेत 'खानदेशी' या भाषेखाली आहे, मराठीखाली नाही. त्या खानदेशीचे देशभरातील भाषक १८,६०,२३६ नोंदले गेले. सुरगाणा व पेठ भागातील कोकणा समाजाची बोली 'भिल्ली' समूहाखाली येते. पण याच समाजाचे नाव 'कोकणा, कोकणी, कुकणा' अशा तिन्ही रूपांत शासकीय जमातींच्या यादीत आहे. त्यातील एखाद्याने आपली भाषा 'कोकणी' म्हणून सांगितली तर किनाऱ्यावरील कोकणी आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील कोकणी यांत भेद करण्यास सारणीत नावाखेरीज काहीच उरत नाही.

अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद येथे सोडवायचा नाही. मुद्दा असा की, 'नाशिक जिल्ह्यात मराठी भाषक किती?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच सारणीने त्या वादात एक पक्ष स्वीकारलेला आहे. प्रश्न विचारणाऱ्याला त्याची जाणीव नसेल तर तो आकडा म्हणून एक सिद्धान्तच उचलीत असतो.

६. दूरची प्रत आणि घरची प्रत

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शासकीय सारणी वाचण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला असा की, प्रश्न दूरच्या यंत्राकडे पाठवावा व केवळ उत्तर घ्यावे. सीकॅन ही प्रणाली वापरणाऱ्या काही परदेशी शासकीय संकेतस्थळांवर अशी सोय असू शकते. भारतीय संकेतस्थळावर संपूर्ण प्रश्नभाषा नसून गाळणीवजा सोय आहे. जिल्हा किंवा शेतमाल सांगून ठराविक संख्येच्या टप्प्यांनी नोंदी मागवाव्या लागतात. दुसरा मार्ग असा की, फाइल दूरच असावी, पण तिला विचारणारे साधन आपल्या संगणकावर असावे. पार्के या स्तंभनिष्ठ पद्धतीने साठविलेली फाइल असेल तर डकडीबी हे साधन तिचे हवे तेवढेच भाग आंतरजालावरून वाचते. एका रकान्यासाठी संपूर्ण फाइल उतरवावी लागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे संपूर्ण प्रत उतरवून एसक्यूलाइट किंवा डकडीबी यांच्या साहाय्याने घरीच वाचणे.

दूरस्थ वाचनाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे. मूळ ठिकाणची सारणी ताजी असते, तीतील चुका दुरुस्त होत असतात, आणि घरोघरी ठेवलेल्या प्रती लवकर शिळ्या होतात. कित्येक अभ्यासक दोन वर्षांपूर्वीची प्रत आजची म्हणून वापरतात, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय सामान्य संगणक व सामान्य जोडणी असलेल्या विद्यार्थ्याला प्रचंड फाइली उतरविणे परवडत नाही. केवळ कुतूहल शमविण्यासाठी, प्राथमिक चाचपणीसाठी, दूरस्थ प्रश्न हाच योग्य मार्ग आहे.

पण ज्या उत्तरावर निष्कर्ष उभारायचा आहे त्याची कसोटी निराळी आहे. दुसऱ्या अभ्यासकाला तोच प्रश्न विचारून तेच उत्तर मिळाले पाहिजे. चालू दिवसाच्या बाजारभावांची सारणी रोज नव्याने भरली जाते. आज तिला विचारलेला प्रश्न उद्या विचारला तर उत्तर देणारी सारणीच वेगळी असते. ऐतिहासिक भावांच्या सारण्यांतही उशिरा आलेल्या नोंदी मागाहून भरल्या जाऊ शकतात आणि बाजारांची नावे बदलू शकतात. प्रश्नाचा मजकूर जसाच्या तसा प्रसिद्ध केला तरी त्याने पडताळणीची सोय होत नाही, कारण ज्याला प्रश्न विचारला तो पाठ उपलब्ध नसतो. टप्प्याटप्प्याने नोंदी मागविताना मध्येच सारणी बदलली तर कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसलेली अशी एक मिश्र प्रत अभ्यासकाच्या हाती येते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्याची शिस्त सर्वश्रुत आहे. प्रत्येक हस्तलिखिताला खूण दिली, मूळ पाठात गुपचूप फेरफार केले नाहीत आणि पाठभेद तळटीपांत स्वतंत्र दाखविले. सारण्यांच्या अभ्यासाला याहून वेगळी शिस्त नको आहे. उतरविलेली मूळ फाइल अस्पर्श ठेवावी. ती कोणत्या तारखेला, कोठून घेतली ते लिहावे. तिचा हॅश नोंदवावा, म्हणजे एक अक्षर बदलले तरी ते उघड होईल. नावांच्या दुरुस्त्या मूळ सारणीत न करता पर्यायी रूपांची एक स्वतंत्र सारणी करावी. तीत येवल्याची व देवळ्याची दोन-दोन रूपे, बागलाण व सटाणा यांचा संबंध, 'पोळ'चे रोमन रूप, लासलगावच्या उपआवारांचा निर्णय, हे सर्व कारणांसह लिहावे. प्रश्नाने ती सारणी जोडून घ्यावी. मग वाचकाला एखादा निर्णय अमान्य असेल तर तो तेवढी एक ओळ बदलून उत्तर किती हलते ते स्वतः पाहू शकतो. जोडणीत किती नोंदी गळाल्या, ती संख्याही उत्तराबरोबर छापली जावी.

प्रत घरी आणल्याने ती खरी होत नाही, हे मात्र विसरता कामा नये. घरची प्रत फक्त स्थिर होते. तिच्यातील नावे, गट आणि मौने पूर्वीचीच राहतात. स्थिर पाठाचा उपयोग इतकाच की, त्याच्याशी वाद घालता येतो. क्षणोक्षणी बदलणाऱ्या पाठाशी तोही घालता येत नाही.

७. उपसंहार

खुल्या विदेचे धोरण स्वागतार्ह आहे, आणि प्रश्नभाषा हे विसाव्या शतकातील एक अत्यंत यशस्वी कृत्रिम भाषिक निर्माण आहे. त्या दोहोंविषयी या विवेचनात अविश्वास सुचविलेला नाही. सुचविलेले आहे ते असे की, सारणी खुली करण्याने ती वाचण्याचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. शासनाकडून दोन अपेक्षा रास्त ठरतात. बाजारभावांच्या सारणीत प्रत्येक बाजाराला व जिल्ह्याला स्थिर क्रमांक द्यावा आणि आवकेचा आकडा दरांच्या शेजारीच ठेवावा. वाणांची नावे देवनागरीतही द्यावीत, ही तिसरी अपेक्षा खर्चाच्या मानाने क्षुल्लक आणि लाभाच्या मानाने मोठी आहे.

विद्यापीठीय विभागांकडून मात्र अधिक अपेक्षा करावी लागते. आकडेशास्त्राचा विद्यार्थी प्रश्न अचूक लिहील. परंतु 'पोळ' म्हणजे खांब नव्हे, आणि सुरगाण्याचा 'कोकणी' हा मालवणचा कोकणी नव्हे, हे त्याला सांगणारे कोणी तरी हवे. ते सांगण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे. ते त्याने केले नाही तर चुकीचे उत्तर निर्दोष व्याकरणात छापले जाईल, आणि त्याच्या आधारे ज्याच्या मालाचा भाव ठरेल त्या माणसाला ते खोडून काढण्याचे साधन मिळणार नाही.